चार पावलं फुडं

चाळीस वरसं संसार केला, पन आमचे मालक कधी माझ्या संगं चालले न्हाईत. कवाबी चार पावलं फुडं. म्या मागून वरडायची, "आवं, थांबा की! कुनाची गाडी सुटायलीय?"

त्या दिशी औरादचा बाजार करून ठाणाकुशनूरच्या फाट्यावर उतरलो. हे फुडं, म्या पिशवी घेऊन मागं. मोटारसायकल आली अन् ह्यांना उडवून गेली. नडगीचं हाड कातडी फाडून भायेर आलं. पिशवीत हळद व्हती, ती मूठभर जखमेत भरली. त्या वक्ताला मला दुसरं काय सुचावं?

गुलबर्ग्याच्या दवाखान्यात श्रीदेवी डाक्टरीण व्हती, माझ्या लेकीच्या वयाची. आल्याआल्या तिनं पू होऊ नये म्हनून सुई दिली, आत नेऊन पाय धुतला, भायेरून लोखंडी सळया बसवल्या. अन् जखम? तशीच उघडी, वर नुसती पट्टी! माझं डोस्कं फिरलं.

"टाके कामून घातले न्हाईत? आमी खेड्यातले म्हनून?"

तिनं माझा हात धरला. "अक्का, आत माती शिरली व्हती, हळदबी व्हती. धुतलंय, पन थोडंबी ऱ्हायलं असंल अन् वरून शिवलं, तर पू होईल. मग पाय कापायची पाळी येईल."

माझ्याच हातची हळद! म्या तिथंच मटकन बसले, रडले. तिनं उठवून भिंतीवरचा इंग्रजी कागद दाखवला. असल्या पायाचं काय काय करायचं ते त्यात लिवलेलं. मराठीत सांगत तिनं माझं एकेक बोट मुडपलं. म्या पाठच केलं. पाय ह्यांचा व्हता ना!

दुसऱ्या दिशी मोठे डाक्टर रेवणसिद्धप्पा आले. पट्टी बघून श्रीदेवीला म्हनाले, "उघडी कामून ठिवलीस? तीस वरसं शिवायलोय म्या. आज टाके घालून मोकळी हो."

"पन सर..." पोरीची मान खाली गेली. माझी जीभ कुठली गप बसती?

"सायेब, कागदात तसं न्हाई." म्या बोटं फुडं केली. "आल्यावर तासाभरात सुई. चांगलं धुवायचं. मळ असंल तर लगेच शिवायचं न्हाई. दोन दिसांनी परत उघडून बघायचं. साफ दिसली तरच बंद."

"कुठला कागद?"

"तुमच्याच भिंतीवरचा."

सायबानं चष्मा लावला. वरपासून खालपर्यंत वाचलं, अन् कपाळाला हात लावला. "अगं माय, हा तर म्याच लावायला सांगितला व्हता!" श्रीदेवीकडं वळून म्हनाले, "तुझंच बरोबर हाय. उद्या दोघं मिळून बघू."

तिसऱ्या दिशी जखम साफ निघाली, तवाच बंद केली. पाय वाचला.

सहा म्हैन्यानं हे वॉकर घेऊन पहिल्यांदा अंगनाभायेर निघाले. म्या सवयीनं मागंच. हे थांबले, मान वळवून म्हनाले, "भागा, ये की संगं."

चाळीस वरसं हेच ऐकायसाठी जीव तळमळला माझा. पन पाय हालंना. डोळं भरून आलं.

"आज न्हाई," म्या म्हनलं. "आज तुमी व्हा फुडं. मला बघू द्या."

हे निघाले. म्या तिथंच उभी ऱ्हाऊन मोजलं. एक, दोन, तीन, चार.