वाट दिली

डेलमर प्रुइटने डाव्या हातमोज्याचा पट्टा दातांत धरून ओढला आणि मूठ दोनदा उघडून मिटली. समोर कोल्टन रीव्हिस उभा होता. बगलेत हेल्मेट, अंगात निळा पोशाख, छातीवर एकतीस हा आकडा. हाच आकडा अकरा वर्षं डेलमरच्या छातीवर होता.

"एक मिनिट आहे का, सर?"

"शर्यतीला चाळीस आहेत. त्यातलं एक घे."

कोल्टनने गॅरेजच्या दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. आत गाडीखाली होइट स्वॅफर्ड, डेलमरचा मुख्य मेकॅनिक, पाठीवर झोपून काहीतरी आवळत होता. त्याचे फक्त बूट दिसत होते.

"काल सरावात मी दोनदा तुमच्या पुढे येऊन वेग कमी केला," कोल्टन म्हणाला. "का नाही ठोकलंत?"

"सरावात कोण ठोकतं? गाड्या काय झाडाला लागतात?"

गाडीखालून होइटचं हसू ऐकू आलं.

"मग ठोकणार कधी ते तरी सांगा." कोल्टनचा आवाज खाली आला. "एकदा ठोका आणि संपवा, सर. तुमच्या पाया पडतो. मी तक्रार करणार नाही."

"कोण म्हणालं मी ठोकणार आहे?"

"सगळेच म्हणतात."

"मग सगळ्यांना विचार कधी ते." डेलमरने दुसरा हातमोजा उचलला. "तुझं मिनिट संपलं, पोरा."

कोल्टन गेला. जाताना त्याने अंगठ्याचं नख दातांत धरलं होतं. डेलमर ते नख पाहत राहिला. गेल्या वर्षी या पोराची सगळी नखं शाबूत होती.

दीड वर्षापूर्वी याच बेकर्स फोर्डच्या अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर, शेवटच्या फेरीत, तिसऱ्या वळणावर कोल्टनने मागून धडक दिली, तेव्हा डेलमर पहिला होता. गाडी गिरकी घेऊन डाव्या अंगाने भिंतीवर गेली. गळ्याखालचं हाड दोन ठिकाणी आणि खांदा तीन ठिकाणी मोडला. कोल्टन जिंकला. डेलमर इस्पितळात असताना त्याच्या संघाने एकतीस नंबरची गाडी कोल्टनला देऊन टाकली. खांदा जुळून आला तोवर डेलमरला मिळाली ती मिसेस टॅटम नावाच्या मालकिणीची शहात्तर नंबरची पांढरी गाडी. ती शर्यत पुरी करत असे. याहून जास्त तिच्याकडून कोणी मागत नसे.

या धंद्यात क्षमा नसते, पण हिशेब सरळ असतो. कोणी तुम्हाला भिंतीवर घातलं की दोन-तीन रविवारांत तुम्ही त्याला घालता. मग एकमेकांकडे पाहून मान हलवायची आणि विषय संपला. आयोजकांनाही हे ठाऊक असतं. जीव जाणार नाही एवढंच ते बघतात. डेलमर परतला त्या रविवारी सगळे टीव्हीसमोर सरसावून बसले. काही झालं नाही. पुढच्या रविवारीही नाही. एक्कावन्न शर्यती झाल्या. डेलमरने कोल्टनच्या गाडीला साधं खरचटूही दिलं नव्हतं, आणि त्याबद्दल कुणाशी चकार शब्द बोलला नव्हता.

दहाव्या शर्यतीला होइटच्या लक्षात आलं. स्टॉपवॉच हातात धरून तो म्हणाला होता, "तू याच्या पुढ्यात असलास की याची फेरी दोन दशांश सेकंदांनी लांबते रे. काय केलंस तू त्याला?"

"काही नाही," डेलमर म्हणाला होता. ते खरं होतं.

शर्यतीआधी गाड्यांच्या रांगेपाशी पाद्री प्रार्थना म्हणत होता. आमच्या अपराधांची आम्हाला क्षमा कर, जशी आम्ही आमच्या अपराध्यांना केली आहे. टोप्या छातीवर होत्या. कोल्टनने एक डोळा किलकिला करून रांगेत मागे पाहिलं. डेलमर डोळे मिटून उभा होता. आमेन मात्र तो स्पष्ट म्हणाला.

मोसमातली ही शेवटची शर्यत. कोल्टन आणि पर्सेल नावाचा एक टेनेसीवाला, या दोघांत जो पुढे संपवेल तो वर्षाचा विजेता. चारशे फेऱ्या होत्या. शंभराव्या फेरीला कोल्टन पहिला होता आणि डेलमरला अख्खी एक फेरी मागे टाकायला त्याच्या पाठीशी आला होता. झेंडेवाल्याने डेलमरला निळा-पिवळा झेंडा दाखवला: मागून पहिला येतोय, वाट दे.

डेलमरने वाट दिली. मधल्या पट्ट्यात गाडी सरकवली, खिडकीच्या जाळीच्या कडेतून डावा हात बाहेर काढला आणि बोटाने खाली, ट्रॅकच्या आतल्या कडेकडे दाखवलं. आतून जा. ही खूण इथलं शेंबडं पोरही ओळखतं. हात दाखवून वाट दिली की ती दिली. त्यावर दगाफटका करणारा दुसऱ्या दिवसापासून गॅरेजात एकटा जेवतो.

कोल्टन अर्धी फेरी मागेच रेंगाळला. मग आतून गेला, पण इतका कडेला चिकटून की त्याची डावी चाकं गवताला लागली.

"घाबरलंय बेणं," होइट कानातल्या रेडिओवर म्हणाला.

एकशे ऐंशीव्या फेरीला तेच झालं. दोनशे साठाव्या, तीनशे तिसाव्या फेरीलाही तेच. दर वेळी झेंडा, दर वेळी हात. दर वेळी कोल्टनने मागे घालवलेला वेळ थोडा वाढला, आणि दर वेळी पर्सेल थोडा जवळ आला. हात बाहेर काढताना डेलमरच्या खांद्यातून मनगटापर्यंत तार तापल्यासारखं होई. तरी त्याने एकदाही हात लवकर आत घेतला नाही.

तीनशे एकोणनव्वदाव्या फेरीला एकतीस नंबर पाचव्यांदा त्याच्या आरशात आला.

"पर्सेल त्याच्या मागे दोन गाड्यांच्या अंतरावर आहे," होइट म्हणाला. "आज सगळे बघतायत, डेलमर. काय करायचं ते नीट कर."

डेलमरने गाडी मधल्या पट्ट्यात आणली आणि हात बाहेर काढला. खाली. आतून जा. आतला पट्टा दोन गाड्या मावतील इतका मोकळा होता.

एकतीस मागेच राहिली. पूर्ण एक फेरी. आरशात डेलमरला निळं बॉनेट डावीकडे येताना दिसे, पुन्हा मागे जाताना दिसे. हात बाहेरच होता. बोटं बधिर झाली होती. ती खालीच दाखवतायत की नाही हे बघायला त्याला मान वळवावी लागली. दाखवत होती.

तिसऱ्या वळणाआधी कोल्टनने ठरवलं. तो बाहेरून निघाला.

बाहेरच्या पट्ट्यात तीनशे नव्वद फेऱ्यांत टायरांचे झडलेले रबरी गोळे साचले होते, जोंधळा सांडावा तसे. तिथून शर्यतीच्या शेवटी कोणी जात नाही. कोल्टनला हे चार वर्षांचा असल्यापासून ठाऊक असणार. एकतीस नंबर त्या गोळ्यांवर चढली आणि वळलीच नाही. उजवी बाजू भिंतीला लागली, सगळी सरळ वाट घासत गेली, आणि पुढचं चाक मोडून थांबली. पर्सेल आतून निघून गेला, डेलमरच्या बोटाखालून.

डेलमरने हात आत घेतला.

शर्यतीनंतर आयोजकांच्या ट्रकमध्ये त्याला तीन वेळा चित्रफीत दाखवली गेली. टेबलापलीकडचा माणूस बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत होता.

"हात कुठे दाखवत होतास?"

"आत."

"पर्सेल कुठून गेला?"

"आतून."

"तुझा काही हेतू होता?"

"वाट द्यायचा होता. तुमचा झेंडा होता."

त्या माणसाने टोपण लावलं. "जा."

बाहेर कोल्टन थांबला होता. पोशाख कमरेपर्यंत सोडलेला, केस घामाने चिकटलेले. विजेतेपद गेल्याला अजून तास झाला नव्हता. पण चेहऱ्यावर डेलमरला वाटलं होतं ते नव्हतं. तो जवळजवळ हसत होता. ताप उतरलेल्या माणसासारखा दिसत होता.

"फिटलं ना, सर?" त्याने हात पुढे केला.

"काय फिटलं?"

"तुमचं-माझं. मानलं तुम्हाला. आज, इथं, त्याच वळणावर. जे गेलं ते गेलं, मला कबूल आहे. फिटलं म्हणा."

डेलमरने त्या हाताकडे पाहिलं. "मी तुला लागलो?"

"नाही, पण..."

"माझ्या गाडीवर तुझा रंग आहे का? ती काय उभी आहे. जा, बघून ये."

कोल्टनला ती थट्टा वाटली. मग डेलमर हसत नाही हे पाहून तो खरंच गेला. पांढऱ्या गाडीभोवती फिरला, मागचा बंपर वाकून पाहिला, उजव्या बाजूवरून तळवा फिरवला. परत आला तेव्हा तो हसत नव्हता.

"नाहीये."

"मग मी काय फेडलं?"

"असं नका करू, सर." त्याचा आवाज लहान मुलासारखा निघाला. "बायको माहेरी गेलीय. मला झोप लागत नाही. असं किती दिवस?"

डेलमरने त्याच्या दंडावर थोपटलं, वडीलधाऱ्याने थोपटावं तसं. पहिल्यांदाच तो त्याला लागत होता.

"आराम कर," तो म्हणाला. "फेब्रुवारीत भेटू."

कोल्टन वळला, चार पावलं गेला, थांबला आणि पुन्हा चालू लागला. निळ्या ट्रकांच्या मागे तो दिसेनासा झाला तरी डेलमर तिकडेच पाहत होता.

गॅरेजात होइटने शहात्तर नंबरमधून सीट सोडवली होती. इथली प्रत्येक सीट चालवणाऱ्याच्या पाठीचा साचा घेऊन बनवतात. दुसऱ्या कुणाला ती बसत नाही. माणूस गाडीत आहे तोवर सीट गाडीत असते.

"मिसेस टॅटमना राजीनाम्याची चिठ्ठी दिलीस?" होइटने विचारलं.

"गुरुवारीच. डॉक्टरचा कागदही जोडला."

"काय म्हणाल्या?"

"रडल्या. मग म्हणाल्या, तुझ्या जागी कोण ते फेब्रुवारीत चालकांची यादी लागेल तेव्हा जाहीर करू. मीच तसं मागितलं होतं."

होइट भुईमुगाची उकडलेली शेंग फोडत होता. ती तशीच हातात राहिली. "म्हणजे तोवर त्या पोराला कळणार नाही."

"तूही बोलू नकोस."

"अख्खा हिवाळा, डेलमर?"

"सीट माझ्या पिकअपमध्ये टाक. वर ताडपत्री घाल."

डेलमरने एक बाजू धरायला डावा हात पुढे केला, पण होइटने तो कोपराने बाजूला सारला, सीट एकट्याने उचलली आणि बाहेर नेली. ताडपत्रीच्या चारही कोपऱ्यांना त्याने दोर बांधला. मग डेलमरकडे न बघता हात पँटला पुसले आणि त्याला रामराम न करताच निघून गेला.