बावीस वर्षं चोळलेल्या पाठी

“हलायचं न्हाय म्हंजी किती वेळ, मॅडम?” बाकावर उताणी पडलेल्या बसव्वा सिस्टरनं विचारलं.

“तासभर,” अनुजा म्हणाली.

२००३ साल. कोल्हापुरातल्या एका सरकारी दवाखान्यात जुन्या सिस्टरांचं प्रशिक्षण चाललं होतं. शिकवायला आलेली अनुजा बसव्वाच्या लेकीच्या वयाची. ती भाषण देत नसे, करून बघायला लावायची. तासाभरानं बसव्वा उठली तेव्हा माकडहाड ठणकत होतं. मग अनुजानं संशोधनाचे कागद वाटले. वाचून त्यात काय आहे ते सिस्टरांनीच सांगायचं होतं. अंथरुणातल्या जखमा दाबानं होतात. लाल झालेली कातडी चोळली तर आतलं मांस आणखी दुखावतं. दर दोन तासांनी कूस बदलायची.

बसव्वानं कागद आपटला. “बावीस वर्षं स्पिरिट लावून चोळतोय की मी! शिकवलं तसंच केलं. ह्यो कागद कवाचा?”

“पंधरा वर्षं झाली.”

“मग इतकी वर्षं कुणाच्या कपाटात हुता?”

अनुजानं आपटलेला कागद उचलून पुन्हा तिच्यापुढं ठेवला.

दुपारी बसव्वा वॉर्डात आली. शिरोलीच्या फाउंड्रीत पाठीचा कणा मोडलेला केरबा तीन आठवडे पडून होता. कमरेखाली तळहाताएवढी जखम.

“सिस्टर, आज चोळणार न्हाय व्हय? तुमचा हात लागला की जीवाला बरं वाटतंय.”

“केरबा, ही जखम माझ्याच हातानं वाढलीया,” ती म्हणाली. उशाशी बसलेली केरबाची बायको शालूबाई जखम बघायला वाकली.

बसव्वानं कूस बदलायचं वेळापत्रक भिंतीला चिकटवलं. संध्याकाळी मेट्रनबाईंनी ते काढून टाकलं. “चाळीस पेशंटला दोन सिस्टर. कोण वळवणार?”

“मग आपण मारतोय त्यास्नी, असं लिवून द्या!” आख्खा वॉर्ड ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी मेट्रनबाई उलट बोलल्याबद्दलचा मेमो घेऊनच आल्या. बसव्वा आणि शालूबाई केरबाच्या दोन्ही अंगाला उभ्या होत्या. कणा न वाकवता वळवायचं, तर तिसरं माणूस हवं होतं.

“सिस्टर, आधी सही करा.”

“करतो. आधी ह्याला वळवायचाय. पायाकडनं धरा.”

“मी?”

“दुसरं हाय कोण हितं?”

मेट्रनबाईंनी दाराकडं पाहिलं. मग मेमो स्टुलावर ठेवला, चादरीचं टोक मुठीत धरलं आणि बसव्वा ‘तीन’ म्हणायची वाट बघत त्या वाकून उभ्या राहिल्या.