वरच्या अंगाला माहेर

चिमणाबाईनं पिराजीला हाक मारायला तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. तिनं घसा खाकरून पुन्हा प्रयत्न केला. फाटक्या भात्यासारखा एक आवाज निघाला आणि हातभर अंतरावर विरला. ती नावेच्या मागच्या टोकाला, पत्र्याच्या चुलीपुढे उकिडवी बसली होती. तव्यावरची भाकरी फुगत होती. तिनं ती उलटली आणि उलथन्यानं तवा दोनदा वाजवला.

घाटावरच्या ओवरीत तिचा दीर उठून बसला.

"उठलो, वैनी. तवा कशापायी बडवतायसा?"

 तो भिंतीला एक हात लावून, पायानं पायऱ्या चाचपत खाली आला आणि नावेच्या कडेवर बसला. तिनं चहाचा पेला त्याच्या हाताला लागेल असा ठेवला. गळ्याकडे बोट दाखवलं, आणि ते त्याला दिसणार नाही हे लक्षात येऊन वाकून पुटपुटली, "आवाज गेला."

"सर्दीचं हाय. आलं चावा." पिराजीनं चहाचा घोट घेतला. दुसरा घोट घ्यायच्या आधी तो म्हणाला, "आज आण्णा यायचं हाईत."

ते तिला रात्रीपासून ठाऊक होतं.

नाव चार घरांच्या भावकीची होती. एका घराची पाळी पाच वर्षं चालायची, आणि नदीकाठची गावं सुगीला जे धान्य द्यायची ते पाळीवाल्या घराचं. चिमणाबाईचा नवरा ज्ञानू वारला आणि पुढच्याच पाडव्याला त्याच्या घराची पाळी आली. भावकी देवळात बसली. बाईमाणसाच्या हाती नाव रेटायचा बांबू द्यायची रीत नव्हती. आण्णा सगळ्यांत वडील. त्यांनी तोड काढली: ज्ञानूचा धाकटा भाऊ पिराजी बांबू धरेल, चिमणाबाई नावेवर राहील. मात्र या घरातल्या गड्याला नाव चालवता आली नाही, तर पाळी पुढच्या घराकडे जाईल, हेही त्याच बैठकीत ठरलं. मोडलेली पाळी परत मिळत नसे. त्याच पावसाळ्यात चिमणाबाईच्या घराची मागची भिंत बसली आणि नाव हेच तिचं घर झालं.

नावेवर राहायला ती लवकर शिकली. भांडी खाली, त्यातली जड तळाशी, ट्रंक दोरीनं बांधलेली. कंदील टांगायचा, ठेवायचा नाही. रात्री फळ्यांवर घोंगडं टाकून झोपलं की तळाशी किती पाणी आलंय ते तिला पाठीला कळायचं, मग ती उठून डबड्यानं उपसायची. उन्हाळा संपता संपता सांध्यांत कापूस ठोकून वरून डांबर भरायचं. वैशाखात पश्चिमेचा वारा सुटला की खताची पोती उसवून शिवलेलं शीड चढवायचं. तेव्हा नाव आपली आपण पल्याड जायची आणि पिराजी बिडी ओढत बसायचा. पहाटे घाटावर कुणी नसताना तीच बांबू घेऊन पात्राच्या मध्यापर्यंत जाऊन यायची. हात त्याच कामाचे असल्यासारखे चालायचे.

पिराजीचं तिला कळलं ते पहिल्याच हिवाळ्यात. शालूबाईची म्हैस पोहत पलीकडे चालली होती आणि यानं नाव सरळ तिच्या अंगावर घातली. चिमणाबाई ओरडली म्हणून म्हैस वाचली.  आठवड्यानं तो मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आला आणि बांबू हातात घेत एवढंच म्हणाला, "चष्म्यानं जमायचं न्हाय म्हणत्यात." उजेड, अंधार आणि जवळचा एखादा मोठा आकार, इतकंच त्याला उरलं होतं.

नदी त्याला पायाखाली कळत होती. ओढ कुठे आहे, गाळ कुठे, वाळू कुठे, हे बांबूच्या टोकाकडून त्याच्या तळहातापर्यंत यायचं. कळत नव्हतं ते पाण्यावरचं: पानांचे गुंते होऊन तरंगत आलेलं केंदाळ, उसाच्या पंपाचे पाईप, वाळूच्या होड्यांचे दोर. शिवाय दिवाळीनंतर खालच्या बंधाऱ्याला पाणी अडवायचे बरगे घातले की पाणी चढायचं आणि एरवी उघडे दिसणारे दगड वीतभर पाण्याखाली जायचे.

मग चिमणाबाई बोलायला लागली. नावाड्याला डावं-उजवं सांगितलं तर लोक काय ते समजले असते. म्हणून ती गाऱ्हाणी सांगायची. तिचं माहेर नदीच्या वरच्या अंगाला होतं, नणंद खालच्या अंगाला दिलेली. नाव वर न्यायची असली की ती माहेरचं काढायची आणि खाली न्यायची असली की नणंदेचं. गाऱ्हाणं चालू असेपर्यंत पिराजी नाव त्या अंगाला दाबत राही. ती गप्प झाली की सरळ. हे त्यांनी कधी बसून ठरवलं नव्हतं. एकदा जमलं, मग रोजचं झालं.

सगळ्या काठावर तिच्या तोंडाची ख्याती झाली. जयसिंगपूरचा एक विमा एजंट एकदा कंटाळून म्हणाला होता, "बाई, जरा दम घ्या की."

"दम तुमी घ्या, पावणं. तुमाला नुसतं बसून जायाचं हाय."

आणि आता, पुढच्या पाळीच्या घरानं आण्णांच्या कानावर घातलं होतं की पिराजीला दिसत नाही. आण्णांचा निरोप आला: बाजारादिवशी नावेनं पल्याड येतो.

आण्णा धोतराचा सोगा हातात धरून पायऱ्या उतरले तेव्हा नाव निम्मी भरली होती. विठाबाई मेथीच्या पाटीला टेकून बसली होती. तिच्यासमोर राजशेखर, जयसिंगपूरचा कापडवाला. आठवड्यातून दोनदा गठ्ठा घेऊन तो अल्याडची गावं फिरायचा आणि मुक्काम करून सकाळी परतायचा. बाकी बाजाराला निघालेली चार माणसं. चिमणाबाईनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. उपसायचं डबडं तिनं पायाशी ठेवलं होतं. पिराजीच्या शेजारी बसून ते फळीवर वाजवायचं, एकदा म्हणजे वर, दोनदा म्हणजे खाली, असं तिनं त्याला कानात सांगितलं होतं.

आण्णांनी नावेत पाय टाकला, सगळीकडे नजर फिरवली आणि तिच्याच जागेवर, पिराजीच्या पायाशी येऊन बसले.

"तू म्होरं जा, चिमणे. मला जरा पिराजीजवळ बसायचं हाय."

ती पुढे गेली. डबडं मागेच राहिलं, आणि नुसत्या हातानं फळी ठोकली असती तर आण्णांच्या लगेच ध्यानात आलं असतं.

"आवाज का न्हाय आज?" विठाबाईनं विचारलं. चिमणाबाईनं गळ्याला हात लावला.

"बसला व्हय गं? मग आज नदी झोपल निवांत." चारजण हसले.

पिराजीनं बांबू रोवला आणि नाव सुटली. पाणी स्वच्छ होतं, ऊन कोवळं. इतक्या चांगल्या उजेडात नावाडी कशावर आदळला तर त्याला सांगायला काही कारण उरणार नव्हतं.  मान वर करून आण्णा पिराजीच्या तोंडाकडे बघत होते.

पंपाचा पाईप खालच्या अंगाला होता. चिमणाबाईला तो निघाल्यापासून दिसत होता. काळा, पाण्याच्या वर जेमतेम चार बोटं. नाव सरळ त्याच्याकडे चालली होती. ती मागे वळली. पिराजीचा चेहरा ताणलेला होता, कान तिच्या दिशेनं लागलेले. तिनं तोंड उघडलं. घशात काही हललं नाही.

"चिमणे," विठाबाई मोठ्यानं म्हणाली, "तुझ्या म्हायेरचा काय सांगावा? तुझ्या भावाच्या बैलाला कायतरी झालतं म्हणं. बरा हाय का आता? का इकला? मी म्हणते इकूच ने, खिलार जनावर परत मिळतंय व्हय. तुझा भाऊ म्हणजे पयल्यापास्नं उतावळा."

नाव वर सरकली. पाईप बाजूनं गेला. विठाबाई थांबली आणि पाटीतली एक सुटी काडी उचलून दातांत धरली.

चिमणाबाईच्या भावाकडे बैल नव्हताच. तिला वाटलं, विठाबाईचा दुसऱ्या कुणाशी घोटाळा झाला असेल. योगायोगानं निभावलं.

मध्यावर बांबू टेकेना, पिराजीनं वल्हं घेतलं. वरून केंदाळाची मोठी चादर येत होती. तिच्यात शिरलं की नाव फिरायची आणि मग काठ कुठे, घाट कुठे, त्याला कळणार नव्हतं. राजशेखरनं गठ्ठ्यावरचा हात काढला.

"तुमच्या नणंदबाई लई भारी बगा, वैनी. गेल्या टायमाला माझ्याकडनं झंपरचा पीस घेतला आणि पंधरा दिसांनी म्हणत्यात रंग जातोय. मी म्हटलं, आक्का, रंग जातोय का घाम जातोय? तर माझ्यावरच उलटल्या. त्यात त्यांचं मालक आलं, ते म्हणालं..."

नाव खाली वळून केंदाळाच्या कडेनं निघाली. शेवटचं पान मागे पडलं तसा राजशेखर वाक्याच्या मधेच गप्प झाला. मालक काय म्हणाले ते कुणी विचारलं नाही. चिमणाबाईनं एकेका चेहऱ्याकडे बघितलं. बोलताना राजशेखर तिच्याकडे बघत नव्हता, पाण्याकडे बघत होता. विठाबाईही पाण्याकडेच बघत होती. बाजाराची चार माणसं आपापल्या गुडघ्यांकडे.

तिनं पदराचं टोक मुठीत धरलं. सोडलं. किती दिवसांपासून त्यांना ठाऊक होतं, हे तिला त्यांच्या तोंडावरून कळेना.

पल्याडचा घाट जवळ आला तसा पिराजीनं पुन्हा बांबू घेतला. लोक आवरू लागले. विठाबाई खाली वाकून चुंबळ वळत होती. राजशेखरनं गठ्ठा खांद्यावर घेतला आणि त्याची ती बाजू झाकली गेली. घाटाच्या अलीकडे बसका दगड होता. उन्हाळ्यात धुणं धुवायच्या कामाचा. आता त्याच्यावर वीतभर पाणी होतं आणि पाण्याच्या पोटात एक पिवळट सावली दिसत होती, तेवढीच. पिराजी घाटावरच्या धुण्याच्या आवाजाचा अंदाज घेत नाव सरळ नेत होता. दगड त्या वाटेत होता. भरलेली नाव त्याच्यावर चढली तर तळ फाटला असता.

 तिच्याखेरीज तो कुणाला दिसला नसावा.

चिमणाबाई उभी राहिली. मागे जायचं आणि त्याच्या हातातून बांबू काढून घ्यायचा, एवढंच आता करण्यासारखं होतं. सगळ्यांसमोर, आण्णांसमोर. पाळी जायची तर जाईल. तिनं एक पाय फळीपलीकडे टाकला.

"खाली बस, चिमणे," आण्णा म्हणाले. त्यांची नजर पिराजीच्या तोंडावरून निघून पाण्यावर आली होती. "उभी ऱ्हाऊ ने नावंत. बस."

ती बसली.

"तुझ्या म्हायेरची माणसं," आण्णांनी सुरुवात केली. पुढचं त्यांना चटकन सुचेना. "तुझ्या म्हायेरची माणसं कंजूस. लग्नात मला बुंदी वाढली ती मोजून. मी पानावर हात आडवा केला न्हवता, तरी वाढपी म्होरं गेला. तुझा बाप बघत हुता. मी घरी येऊन म्हातारीला सांगितलं, असल्या घरची पोरगी आणलीया. आणिक पाणी तर मागून मागून..."

ते बोलत राहिले. पाण्याचं, पत्रावळीचं, वऱ्हाडाला दिलेल्या गळक्या छपराचं. पिराजीनं बांबू खालच्या बाजूनं रोवून नाव वर दाबली, दाबतच राहिला. पिवळी सावली कडेनं मागे गेली. आण्णांनी ती पुरी मागे जाईपर्यंत मान वळवून बघितली आणि मग ते थांबले. एवढं बोलायची त्यांना सवय नव्हती. त्यांना थोडा दम लागला होता.

नाव घाटाला टेकली. माणसं उतरली. विठाबाईनं पाटी डोक्यावर घेताना चिमणाबाईचा आधार घेतला, "आलं-गूळ खा," म्हणाली आणि चढून गेली. राजशेखर एसटी चुकेल म्हणत पळाला.

आण्णा शेवटी उतरले. पायरीवर उभं राहून त्यांनी धोतर झटकलं. पिराजी बांबू उभा धरून त्यांच्या दिशेला, पण जरा बाजूला बघत होता.

"पिराजी."

"आं?"

"काय न्हाय. नाव चांगली चालवतोस." मग ते चिमणाबाईकडे वळले. तिनं पदर सावरला. "परतीला त्याला बसीव जरा. सकाळधरनं उभा हाय त्यो."

तिनं पिराजीच्या हातातल्या बांबूकडे बघितलं.

"बसीव म्हटलं न्हवं? नाव रिकामी ठिवू नगंस, अल्याडला माणसं खोळंबली असतील." आणि काठी टेकत ते पायऱ्या चढायला लागले. वर घाटावर बायका धुणं आपटत होत्या. चहाच्या टपरीपाशी सात-आठ गडी उभे होते. दोघांनी आण्णांना रामराम घातला.

चिमणाबाई नावेच्या मागच्या टोकाला गेली. पिराजीच्या हातातल्या बांबूला तिनं हात घातला. त्यानं तो लगेच सोडला नाही.

"वैनी, घाटावर कोण हाय?"

तिला सांगता येईना. तिनं बांबू हलकेच ओढला. पिराजीची बोटं एकेक करून सुटली. तो चाचपत पुढे गेला आणि विठाबाई बसली होती तिथे बसला. तिथे बसून काय करायचं ते त्याला माहीत नव्हतं. त्यानं हात गुडघ्यांवर ठेवले, काढले. पाय तळातल्या पाण्यात बुडतोय हे जाणवलं तेव्हा त्यानं मागे सरकून, तिच्या पायाशी हात फिरवून डबडं शोधलं आणि पाणी उपसायला लागला.

तिनं बांबू पायरीला लावला आणि रेटा दिला. वरचं धुणं क्षणभर थांबलं, मग पुन्हा सुरू झालं.