अप्पांनी नुसतं झाकण लावलं होतं

बापलेकीचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. कारण एकच, करमाडच्या रस्त्यावरचा नवा फ्लॅट. लक्ष्मणरावांनी, म्हणजे अप्पांनी, निवृत्तीची सगळी पुंजी त्यात घातली तेव्हा मृण्मयी फोनवर म्हणाली होती, "नळाला पाणी नाही तिथं घर घेता? अक्कल गहाण टाकलीत का?" अप्पांचा राग नाकावर आणि लेक त्यांच्यावरच गेलेली. पुन्हा कुणीच फोन केला नाही.

त्या दुष्काळाच्या मे महिन्यात अप्पा गेले ते टँकरच्या रांगेतच. हातात पाइप होता.

तेरावं झाल्यावर आई म्हणाली, "तुलाच पत्र लिहीत होते गं. चार दिवस, लॅपटॉपवर, एका बोटानं. मला वाचू दिलं नाही. आधी ती वाचेल, म्हणाले."

त्या पत्रात नुसत्या शिव्या असत्या तरी मृण्मयीला हव्या होत्या. पण अप्पांचा लॅपटॉप सुरूच होईना. दुकानदारानं उघडून पाहिला. "ताई, चार्जिंगचं सॉकेट जळालंय. पार्ट यायला आठ रोज लागतील. तोवर राहू द्या."

आठ दिवस! सोमवारी तिला पुण्यात कामावर हजर व्हायचं होतं. शिवाय ती काय साधीसुधी होती? रोज लिनक्सचे सर्व्हर सांभाळणारी बाई. तिनं अप्पांची डिस्क काढली नि केबलनं आपल्या लॅपटॉपला जोडली.

विंडोजचा भाग काही उघडेना. पडद्यावर सरळ लिहून आलं होतं: विंडोज झोपलेलं आहे. ते उठवून नीट बंद करा, नाहीतर नुसतं वाचण्यापुरतं उघडा, नाहीतर झोपताना त्यानं लिहून ठेवलेली फाइल पुसून टाका. असा निरोप तिनं शंभरदा पाहिला होता, आणि शंभरदा पाहिलेलं कोण वाचतं? उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! ऑफिसातल्या सवयीनं बोटांनी पुसायचाच हुकूम दिला. डिस्क लगेच उघडली.

फोटो होते, पेन्शनचे कागद होते, टँकरचं वेळापत्रकसुद्धा होतं. पत्र नव्हतं.

"आई, फाइलला नाव काय दिलं होतं त्यांनी?"

"नाव? लिहून संपलं की देईन, म्हणायचे. लाइट गेली, टँकरचा हॉर्न वाजला, की नुसतं झाकण लावायचे. उघडलं की पत्र तिथंच. तूच नाही का तसं करून दिलंस, भांडणाच्या आधीच्या दिवाळीत? 'अप्पा, आता तुमचं लिहिलेलं जायचं नाही,' म्हणाली होतीस."

मृण्मयीला पडद्यावरचा तो निरोप आठवला. झाकण लावलं की उघडं असलेलं सगळं विंडोज झोपेच्या त्या फाइलीत ठेवायचं; अर्धं लिहिलेलं पत्रही तिथंच होतं. आठ दिवस थांबली असती, तर लॅपटॉप जागा झाला असता आणि पत्र जसंच्या तसं समोर आलं असतं. पुसलेलं परत आणायचे सगळे उपाय तिनं करून पाहिले. संध्याकाळपर्यंत हाती काही लागलं नाही. तिला स्वतःच्या बोटांची किळस आली.

खाली टँकरचा हॉर्न वाजला. आईनं कोपऱ्यातला पाइप उचलला. "सापडलं का गं?"

"मी पुसलं, आई. माझ्याच हातानं."

आईला काही कळलं नाही. दारात चपला घालता घालता ती म्हणाली, "मग झाकण लाव नि परत उघड. तिथंच असतं ते."