धुतलेलं शीड

मी तागा बोलतोय. शिडाच्या कापडाचा पांढराशुभ्र, कडक तागा. खरं म्हणजे कडक होतो असं म्हणायला हवं, कारण आता माझ्यात कडकपणा औषधालाही उरलेला नाही. तो कसा गेला हे आठवलं की अजून माझ्या धाग्याधाग्याला कापरं भरतं.

माझा जन्म कारखान्यात झाला. मला इतकं घट्ट विणलं होतं, की सुईनेही वाट काढताना दोनदा विचार करावा. मग मला राळेसारखं एक चिकट औषध पाजलं आणि तापलेल्या रुळांतून दाबून काढलं. त्यातून बाहेर पडलो तो ताठ मानेनेच. वाऱ्याने कितीही जोर केला तरी ताणलं जायचं नाही, हा आमच्या घराण्याचा बाणा. तेवढ्यासाठी तर लोक आम्हाला विकत घेतात.

पण दुकानात आलो आणि माणसांची रीत बघून थक्कच झालो. कापड म्हटलं की यांचा हात आधी मऊपणा शोधतो. दोर, गळ आणि रंगाचे डबे घ्यायला आलेली माणसंही जाता जाता मला चिमटीत धरून चोळायची आणि तोंड वाकडं करायची. एक आजीबाई तर म्हणाल्या, "हे कापड आहे की पत्रा? याचा अभ्रा केला तर सकाळी कान सोलून निघायचे!" मला उशीचा अभ्रा करणार होत्या! त्या गेल्यावरही मी बराच वेळ हबकून पडलो होतो.

मग एके दिवशी बाई आल्या. बाई म्हणजे बंदराजवळच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या. सोबत त्यांचा नवरा होता. तो नावाडी, समोरच्या बेटावरच्या दीपगृहात भाजीपाला, तेल, औषधं पोचवणारा. आत शिरल्या शिरल्या त्याने समोरच्या लाल कापडावर हात ठेवला.

"हे बघ, काय रंग आहे! लांबून दिसेल."

"मागचंही लालच होतं," बाई म्हणाल्या. "ते फाटलं तेव्हा दिसलात का कुणाला?"

त्याने लाल कापडावरचा हात मागे घेतला. मागच्या मोसमात त्याचं शीड भर समुद्रात टरकन फाटलं होतं. ते कापड दुकानांपुढे सावलीसाठी लावतात तसलं. रात्रभर होडी वाहत गेली आणि सकाळी दुसऱ्याच गावाला लागली. बाई उजाडेपर्यंत जेटीवर उभ्या होत्या. तेव्हाच त्यांनी ठरवलं होतं, की यापुढचं शीड आपण शिवायचं आणि कापडही आपणच निवडायचं. नवरा गेला तसा परत आला पाहिजे, एवढंच त्यांना त्या कापडाकडून हवं होतं.

बाईंनी निवड केली ती मात्र बघण्यासारखी. मला उजेडासमोर धरून वीण पाहिली. कोपरा मुठीत चुरगळून सोडला. काठाचा एक धागा ओढून पाहिला.

"आता तिरपं ओढा," दुकानदार म्हणाला. "उभं-आडवं कुठलंही कापड टिकतं. खरी परीक्षा तिरप्या ओढीत."

नवरा-बायकोने समोरासमोरची दोन टोकं धरून मला ओढलं. मी केसभरही हललो नाही. लाल कापड मात्र तिरपं ओढताच रबरासारखं लांबलं. बाईंच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते पाहून मी मनातल्या मनात फुललो. अखेर कुणालातरी माझी किंमत कळली होती!

"धागा कुठला, सुई कुठली, सगळं सांगा," बाई म्हणाल्या. दुकानदाराने सगळं सांगितलं. एक गोष्ट तेवढी सांगितली नाही. ती सांगावी लागेल हे त्याच्या स्वप्नातही आलं नसणार.

घरी गेल्यावर मला वाटलं, आता खडू येईल, कात्री येईल. आली ती बादली! त्यात वाफाळतं पाणी, त्यात सोडा. मी गोंधळून बघतोय तोवर बाईंनी माझा एक लांबलचक पट्टा त्यात दाबलासुद्धा.

"अगं, हे काय?" सासूबाईंनी खोलीतून विचारलं.

"नवं कापड आहे ना, आत्या. आधी भिजवून घेते. शिवल्यावर आटलं म्हणजे?"

हात जोडले असते हो, पण कापडाला हात कुठले! ब्लाउज आटतो, परकर आटतो, म्हणून शहाणी बाई कापड आधी भिजवते. सगळं खरं. पण मी आटणाऱ्या जातीचा नव्हतोच! गरम पाण्यात माझं ते औषध सुटायला लागलं. मग दगडावर आपटणं, मग पिळणं. बाई एका टोकाला, सासूबाई दुसऱ्या टोकाला, आणि मधे मी. माझी हाडं कडाकडा मोडावीत तसं वाटत होतं आणि त्या दोघी खुशीत होत्या.

"बघ, कसं लोण्यासारखं झालं!" सासूबाई म्हणाल्या.

लोण्यासारखं! शिडाच्या कापडाने ऐकावं असं हे वाक्य आहे का? माझी अब्रू मोरीतून वाहून जात होती आणि घरात कौतुक चाललं होतं.

पुढचं काम मात्र बाईंनी जीव ओतून केलं. टेबल, खुर्च्या बाहेर काढल्या, जमिनीवर मला पसरलं, गुडघ्यांवर रांगत आखणी केली. दुहेरी शिवण, कोपऱ्यांना चार-चार पदर. मशीन थकली तिथे हाताने टाके घातले, बोटांना सुई लागली तर बोट तोंडात धरून पुन्हा बसल्या. मला तर रडू येत होतं. एवढी माया आणि ती माझ्यासारख्या मोडलेल्यावर!

पहिल्या फेरीला बाईही होडीत बसल्या. "मी शिवलंय, तर आधी माझा जीव टांगून बघते," म्हणाल्या. नवरा हसला.

जाताना वारा पाठीशी होता. मी फुगलो, होडी पळाली. नवरा ओरडला, "वा! याला म्हणतात शीड!" पाठीमागून वारा असला की चादरसुद्धा होडी हाकते हे त्याला माहीत होतं, पण बायकोच्या कौतुकात विसरला असावा. बेटावर सामान उतरलं. परतीला होडी वळवली आणि वारा तोंडावर आला.

वाऱ्याच्या तोंडावर चढायचं तर शीड ताठ लागतं. मी ताठ राहायला गेलो आणि माझ्या लक्षात आलं, की माझं पोट सुटलंय. जेवढा दोर आवळावा तेवढा मी तिरपा लांबत होतो. होडी पुढे जाईचना, आडवी घसरायला लागली. त्या बाजूला खडक होते. लाटा फुटल्याचा आवाज येत होता.

"काय झालंय याला?" नवरा दोर ओढत ओरडला. "फसवलं त्या दुकानदाराने! कसलं कापड दिलंय!"

बाई माझ्याकडे बघत होत्या. कोपऱ्यापासून निघालेल्या तिरप्या चुण्या त्यांना दिसल्या. चुण्या वाचणं हा तर त्यांचा रोजचा धंदा. त्यांचा चेहरा माझ्याहून पांढरा पडला.

"अहो, दुकानदार नाही. मी धुतलं होतं."

"काय धुतलंस?"

"कापड. शिवायच्या आधी. गरम पाण्यात."

"शीड धुतलंस?" त्याचा आ वासलेला तसाच राहिला. मला वाटलं, आता हा फाडकन काहीतरी बोलणार. पण त्याने दोर सोडला, मला खाली उतरवलं आणि एक वल्हं बायकोच्या हातात दिलं. "आता मार. बोलू नंतर."

दोघांनी वल्हवायला सुरुवात केली. खडक इतके जवळ आले, की त्यांवरचं शेवाळ दिसत होतं. मी होडीच्या तळाशी ओला गोळा होऊन पडलो होतो. माझ्यामुळे ही दोन माणसं जाणार, या विचाराने मी सुन्न झालो. बाईंच्या तळहातांची सालं निघाली, पण त्यांनी वल्हं सोडलं नाही. हळूहळू खडकांवर फुटणाऱ्या लाटांचा आवाज मागे पडला.

जेटीवर बाई मटकन बसल्या. "पुढचं दुसऱ्या कुणाकडून शिवून घ्या. मी हात लावणार नाही."

नवरा माझ्या शिवणीवरून बोट फिरवत होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत. "एवढा जोर बसला, कापड पार वेडंवाकडं झालं. पण तुझा एक टाका उसवला नाही," तो म्हणाला. "दुसऱ्याने शिवलेल्या शिडाखाली मी बसणार नाही. उठ."

बाई तेव्हा रडल्या. मीही रडलो, पण आधीच भिजलेलो होतो, त्यामुळे कुणाला कळलं नाही.

दुसऱ्या खेपेला त्यांनी दुकानदाराला पहिलाच प्रश्न टाकला, "हे धुवायचं नाही ना?"

"छे! शिवायच्या आधी कोण धुतं बाई?"

"मी," बाई म्हणाल्या.

नव्या तुकड्याचं माप माझ्यावरूनच घेतलं. मी जितका लांबलो होतो, तेवढं वजा करून. मग घडी करून मला होडीत फळीवर टाकलं, बाईंना बसायला मऊ म्हणून. शिडाचं आसन झालं! एवढंच व्हायचं बाकी होतं.

आज नव्या शिडाची पहिली फेरी होती. बेटावरून परतताना वारा तोंडावर आला आणि मी श्वास रोखून वर पाहिलं. नवं शीड ताठ उभं राहिलं. होडी कलली, खडकांना पाठ दाखवून वाऱ्यावर चढायला लागली. नवऱ्याने बायकोकडे बघून मान हलवली. बाईंची माझ्यावरची मूठ सैल झाली. मला मत्सर वाटायला हवा होता, तेवढी तयारी मी करून ठेवली होती. आणि वाटलं काय, तर आनंद! परक्या कापडाचा पराक्रम बघून मला आनंद व्हावा, याचाच मला अजून धक्का बसलेला आहे.

तुम्हाला एकच सांगणं. कापड घ्यायला जाल तेव्हा ते काय काय करू शकतं हे विचारता, तसं त्याला काय सोसवत नाही हेही विचारा. आम्हाला ते दुकानात ओरडून सांगता येत नाही. बरं, जेटी आली. बाई उठल्यात, आणि त्यांचा नवरा गेला तसा परत, आपल्या पायांनी उतरला आहे.