इंटरकूलरला मिळालेली जागा

मित्रांनो, गाडीचं बॉनेट उघडलं की सगळे इंजिनाचं कौतुक करतात. माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. मी एक जुना इंटरकूलर आहे. ॲल्युमिनियमच्या नळ्या, त्यांच्यामध्ये कागदासारख्या पातळ पट्ट्या आणि दोन टोकांना दोन तोंडं, एवढाच माझा देह. काम मात्र मोठं आहे. टर्बो नावाचा माझा शेजारी हवा दाबून इंजिनात कोंबतो. दाबलेली हवा तापते, आणि तापलेल्या हवेवर इंजिनाला जोर येत नाही. म्हणून ती आधी माझ्या पोटातून जाते. मी तिला बाहेरच्या वाऱ्यावर गार करतो आणि मग इंजिन छाती काढून पळतं. आता तुम्हीच सांगा, खरा पराक्रम कोणाचा?

कारखान्यात मला मोठ्या निगुतीनं घडवलं, पण जागा दिली ती थेट इंजिनाच्या डोक्यावर. चुलीवर पाण्याचा माठ ठेवावा तशी! वारा आत यावा म्हणून वर बॉनेटला एक उंच झरोका होता. गाडी पळत असेपर्यंत कसंबसं निभायचं. ती उभी राहिली की खालून धग लागायची आणि मी नखशिखांत तापायचो.

गाडी होती मावशीची. ती घाट चढण्याच्या शर्यतीत उतरायची आणि तिथले लहानथोर सगळेच तिला मावशी म्हणायचे. तिची थोरली बहीण, ताई, पत्र्याचं आणि वेल्डिंगचं काम करायची. ताईचे यजमान, म्हणजे मावशीचे भावजी, इंजिनाचे मिस्त्री. तिघांचं मिळून एक गॅरेज होतं आणि तिघांनाही मोठ्यानं बोलायची सवय होती.

त्या शर्यतीत गाड्या एकेक करून सुटतात. पाळी येईपर्यंत रांगेत, उन्हात, इंजिन चालू ठेवून उभं राहावं लागतं. तिथेच मी तापून बसायचो. मावशी अर्धा घाट वाऱ्यासारखी चढायची आणि शेवटच्या चढावर, जिथे गार हवेची सगळ्यात जास्त गरज, तिथेच गाडीचा दम सुटायचा. सलग दोन वर्षं असंच झालं. दोष मात्र तिच्या माथी! "हात थकले आता तिचे," लोक कुजबुजायचे. ते ऐकून माझा जीव तीळतीळ तुटायचा. तिचे हात कुठले थकले होते? तापलो होतो मी!

दुसऱ्यांदा हरल्यावर मावशीनं हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "आता फक्त एकदाच. या खेपेला नाही जमलं तर गाडी विकायची आणि मी हा नाद सोडायचा."

ताईच्या हातातली हातोडी तशीच थांबली. मग ती म्हणाली, "तू नाही हलायचं जागेवरून. हा इंटरकूलर हलवू."

झालं! तिघांत जुंपली. भावजी म्हणाले, "आहे तिथेच राहू द्या. मी झरोका अजून उंच करतो." आधीचा झरोका त्यांनीच वाढवला होता, त्यामुळे त्यांचा त्याच्यावर फार जीव. ताईला मी पुढच्या चाकावरच्या पत्र्याआड हवा होतो. तिनं मला तिथे धरून पाहिलं, तर माझा अर्धा देह बाहेर.

"पुढे बसवा, बंपरच्या मागे," मावशी म्हणाली.

"बसवतो की," भावजी म्हणाले. "पण पाईप लांबतील. तू पाय दाबशील आणि गाडी विचार करत बसेल. शिवाय याच्या मागे इंजिन गार ठेवणारा रेडिएटर, त्याच्या तोंडावर याची गरम हवा. इंजिन तापलं तर मला बोल लावायचा नाही, सांगून ठेवतो."

भावजींचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणूनच वाद मिटेना.

"आपण कशाला भांडायचं? वाऱ्यालाच विचारू," ताई म्हणाली. तिनं घरातला एक जुना स्वेटर उसवला, लोकरीचे वीतभर धागे तोडले आणि बंपरपासून झरोक्यापर्यंत चिकटपट्टीनं लावले. स्वेटर भावजींचा होता, हे त्यांना उशिरा कळलं.

मोकळ्या सरळ रस्त्यावर मावशीनं गाडी काढली. ताई आणि भावजी शेजारून दुसऱ्या गाडीत बघत होते. बंपरजवळचे धागे वाऱ्याबरोबर सरळ आत ओढले गेले. झरोक्याच्या तोंडाशी मात्र ते नुसते लोळत होते, कारण वारा बॉनेटवरून उसळून झरोक्याच्या वरूनच निघून जात होता. तो उंच झरोका म्हणजे नुसता थाट होता!

गाडी थांबल्यावर भावजींनी झरोक्यावरचा एक धागा उपटून हातात घेतला. मग म्हणाले, "माझ्याच स्वेटरनं माझ्याविरुद्ध साक्ष दिली."

पण एकदा मान्य केलं की भावजी जीव ओतून काम करणारे. ताईनं माझी जुनी तोंडं कापून नवी जोडली. भावजींनी पाईप होतील तितके आखूड केले, माझ्या आणि रेडिएटरच्या मध्ये जागा ठेवली, रेडिएटरला मोठा पंखा दिला आणि दगड लागू नयेत म्हणून माझ्यापुढे जाळी लावली. झरोका बुजला. मी गाडीच्या नाकावर विराजमान झालो. काय सांगू तुम्हाला तो तोरा!

आणि पहिल्याच फेरीत मी पुन्हा तापलो.

"हाच बाद झालाय," भावजी कपाळाला हात लावून म्हणाले. "भंगारात काढा याला." माझ्या पायाखालची जमीन सरकली, मला पाय नाहीत, तरी सरकली. मावशीनं मात्र वाकून, जाळीखालून हात घालून मला चाचपलं. "दोन्ही कडा गार आहेत. फक्त मधे चटका बसतोय. असं कसं?"

ताई गाडीच्या समोर आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अहो, गॅरेजची पाटी इथे कुणी लावली?"

झरोका गेल्याच्या दुःखात भावजींनी गॅरेजच्या नावाची मोठी थोरली पाटी रंगवून बंपरवर ठोकली होती. बरोबर माझ्या तोंडासमोर, मधोमध! त्यांनी जीभ चावली. "समोरून सगळ्यांना दिसावी, म्हणून..."

"मागे लावा, भावजी," मावशी म्हणाली. "बाकीच्यांना निवांत वाचता येईल."

शर्यतीच्या दिवशी ऊन रणरणतं होतं. रांगेत आजूबाजूच्या गाड्या फणफणत होत्या. मी मात्र चुलीवरून उतरलो होतो. झेंडा पडला आणि वारा जो माझ्या अंगावर आला, तो पट्टीपट्टीतून शिरला! अर्धा घाट मागे पडला. शेवटचा चढ आला, तोच तो. टर्बोनं तापलेली हवा माझ्या पोटात ढकलली. "आण, आणखी आण!" मी म्हणालो. मावशीनं पाय दाबला आणि गाडी उलट जास्तच उसळली. इंजिन गर्जत होतं आणि हेल्मेटच्या आत मावशी मोठमोठ्यानं हसत होती.

कर्ण्यावरून निकाल सांगितला तेव्हा पहिलं नाव तिचंच होतं, आणि त्या घाटावर तितक्या वेगानं आजवर कुणीच चढलं नव्हतं. ताई रडत होती, भावजी नाचत होते. मावशीच्या हातांबद्दल कुजबुजणारे आता तेच हात हातात घेऊन हलवत होते. "गाडी विकणार होतात ना?" एकानं विचारलं. मावशी म्हणाली, "विकते कसली! पुढच्या घाटाचं नाव सांगा."

मित्रांनो, मी तोच होतो. हातही तेच होते. मला भंगारात काढायला निघालेल्यांनी फक्त माझी जागा बदलली आणि तोंडावरची पाटी काढली. तुमच्या घरात, वर्गात कुणी मागे पडताना दिसलं, तर तो संपला असं लगेच म्हणू नका. आधी बघा, त्याला आपण चुलीवर तर बसवलं नाही ना? त्याला जरा वारा लागू द्या, आणि मग बाजूला सरका, कारण तो सुसाट येणार आहे!