क्लिवोनची पाठ

“तुमच्या घरी येऊन उपाशी राहिलेला हा पहिलाच, बु तार्मी,” शेजारची सुमिनी काचेच्या पेटीत डोकावत म्हणाली आणि फिदीफिदी हसली.

कुणी काही बोललं तर ऐकून घेणाऱ्यातली मी नाही. पण त्या दिवशी मी पेटीची काच पुसत राहिले. तेवीस वर्षं मी आमच्या पोनोरोगो गावच्या शाळेत कँटीन चालवते; सगळे मला बु, म्हणजे बाई, म्हणतात. शेंगदाण्याची चटणी घातलेला माझा भात पानात टाकून उठायची कुणा पोराची छाती झाली नाही. आणि हा क्लिवोन, दोन हात लांबीचा अजगर, पाच आठवडे अन्नाला शिवला नव्हता.

क्लिवोन माझ्या लेकीचा, वेनिंगचा. ती तैवानला एका म्हातारीची सेवा करायला गेली, तेव्हा त्याला माझ्या गळ्यात मारून गेली. जाताना कागद लिहून भिंतीला चिकटवला. पंधरा दिवसांनी एक उंदीर. चिमट्यात धरून दाखवायचा. घेतला नाही तर लगेच काढायचा. जिवंत उंदीर पेटीत सोडून कुठेही जायचं नाही. या शेवटच्या ओळीखाली तिनं दोन रेघा मारल्या होत्या.

“हे कधीकधी तीन-तीन महिने खात नाहीत, आई. भूक लागली की खाईल,” फोनवर ती सांगायची.

“भूक लागली की खाईल म्हणे. तुला असं सोडलं असतं तर हाडं उरली असती तुझी,” मी म्हणायचे. ती हसायची. मला शिकवते, म्हणून माझा आतून जरा संतापच व्हायचा.

मंगळवारी सुमिनीच्या सुनेच्या सातव्या महिन्याचं जेवण होतं आणि स्वयंपाक माझ्याकडे होता. निघण्याआधी मी उंदीर चिमट्यात धरून पाव तास उभी राहिले. क्लिवोननं तोंड फिरवलं. बाहेरून हाका सुरू झाल्या. मला वाटलं, माणसादेखत खायला लाजत असेल. उंदीर आत सोडला, झाकण घट्ट लावलं आणि गेले.

चार तासांनी परत आले, तर उंदीर पंजांनी मिशा पुसत बसलेला. क्लिवोन कोपऱ्यात वेटोळं करून पडला होता. त्याच्या पाठीवर मधोमध, माझ्या दोन बोटांएवढी जागा कुरतडलेली होती. आतलं लाल मांस दिसत होतं. उंदरालाही भूक लागली होती आणि त्याच्यासाठी मी काही ठेवलं नव्हतं. क्लिवोन बिचारा पळणार कुठे? झाकण तर मीच लावलं होतं.

हळद आणि खोबरेल लावलं. रडले. भिंतीवरचा कागद बघवेना, म्हणून काढून कपाटात टाकला.

गावात जनावरांचा डॉक्टर एकच, हर्दोयो. आमच्याच शाळेतला. लहानपणी कारल्याची भाजी ठेवून उठायचा, तेव्हा कान धरून त्याला परत ताटावर बसवायची ती मीच. आता त्याच्यापुढे कोणतं तोंड घेऊन जायचं?

बुधवारी वेनिंगचा फोन आला. तिला रोज क्लिवोन बघायचा असतो. मी फोनमध्ये त्याचं नुसतं डोकं दाखवलं, पण फोन कलला आणि पाठ दिसली.

“पाठीला काय झालं त्याच्या?”

“मांजरानं ओरबाडलं. सुमिनीच्या.”

“पेटीत कसं शिरलं मांजर?”

“झाकण उघडं राहिलं गं.”

“डॉक्टरकडे ने त्याला, आई.”

“उद्या नेते.”

त्या उद्याचे तीन दिवस झाले. शनिवारी जखमेला वास यायला लागला, तेव्हा मेल्याहून मेल्यासारखी होऊन निघाले. क्लिवोनला उशीच्या अभ्र्यात घातलं आणि पोटाशी धरून रिक्षात बसले.

हर्दोयोनं त्याला टेबलावर घेतलं. त्यानं विचारायच्या आधीच मी म्हणाले, “मांजरानं केलं.”

“हं,” तो म्हणाला. मान काही वर केली नाही. सडलेली कातडी कापली, जखम धुतली, मलम लावलं. क्लिवोन निमूट पडून होता.

“जगेल ना रे?”

“जगेल, पण डाग राहील कायमचा. आणि बु, महिनाभर त्याला खायला घालायचं नाही. मी सांगेपर्यंत उंदीर दाखवायचासुद्धा नाही.”

मी मान हलवली. त्यानं खणातून औषधाचं पाकीट काढून दिलं. पाकिटावर शाईनं लिहिलेलं होतं, क्लिवोन. मी नाव सांगितलंच नव्हतं.

“नाव कसं कळलं तुला?”

हर्दोयो अवघडला. “वेनिंगचा फोन आला होता. गुरुवारीच.”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, आई येईल. मांजर म्हणेल. म्हणू द्या, तिला काही विचारू नका.”

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. लेक तिकडे परक्या घरात, म्हातारीचं करता करता तीन दिवस वाट बघत होती. औषधाची सोय केली आणि माझ्या खोट्याचीही सोय करून ठेवली. मला मात्र तिला एक वाक्य खरं सांगवलं नाही.

टेबलावर क्लिवोनचं कार्ड होतं. जखमेचं कारण लिहायची जागा त्यानं कोरी सोडली होती.

“मांजर नव्हतं,” मी म्हणाले. “जिवंत उंदीर होता. मी आत सोडला आणि निघून गेले. लिही तिथं.”

“राहू दे ना, बु.”

“लिही म्हणते ना.”

त्यानं लिहिलं. मी उभी राहून एकेक शब्द वाचला. मग सही कुठं करायची ते विचारलं आणि खाली माझं पूर्ण नाव लिहिलं.